पप्पांची ढोलकी आणि माझे स्पीकर

मी आयर्लंडला निघाले त्या दुपारी पप्पा अंबरनाथच्या आमच्या चाळीखाली खांद्याला ढोलकी अडकवून उभे होते. संध्याकाळी उल्हासनगरला त्यांच्या गायनपार्टीचा कार्यक्रम होता, म्हणून एअरपोर्टला फक्त दादा आला. टॅक्सीच्या खिडकीशी वाकून पप्पा एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर. जेवत जा वेळेवर."

भीमजयंतीला पप्पा वाजवायचे तेव्हा मी स्टेजला खेटून बसायचे. थाप कानाआधी छातीत जाणवायची. समोरच्या बायका टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या की त्यांच्याकडे बघत पप्पा लय वाढवायचे.

इथे डब्लिनला मी नर्स आहे, स्ट्रोकच्या वॉर्डात. तिसऱ्या वर्षी दादाचा फोन आला, पप्पांची उजवी बाजू गेली. रजा मिळायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस मी दुसऱ्यांच्या वडिलांची बोटं हलवून घेत होते.

जाताना भारीतले स्पीकर घेऊन गेले. पार्टीच्या साउंडवाल्याकडे पप्पांनी वाजवलेल्या एका कार्यक्रमाचं स्वच्छ रेकॉर्डिंग होतं. ते पप्पांच्या पलंगाशी लावलं. आवाज खरंच सुंदर होता, ढोलकीवर बोट घासल्याचंसुद्धा कळत होतं. पप्पांचा डावा हात चादरीवर तालात हलायला लागला. उजवा तसाच पडून राहिला.

"कसं वाटतंय पप्पा?"

जीभ जड झाली होती. शब्द जुळवत म्हणाले, "हात माझाच आहे. पण समोर माणसं कुठायत?" आणि जरा वेळाने, "बंद कर, बाळा."

मी बंद केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. रोज पेशंटना धीर देणारी मी, माझ्याच बापाला काय हवं ते मला कळलं नव्हतं.

चार महिन्यांनी पप्पा गेले. अंत्ययात्रा मी मोबाईलवर पाहिली. ते स्पीकर आता दादाच्या टीव्हीला जोडलेत. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण मी ते लावत नाही.

यंदा जयंतीला वस्तीत दुसरा ढोलकीवाला होता. आईने माझ्यासाठी फोन स्टेजकडे धरला. नुसती खरखर आली.

"येतंय का गं ऐकू?"

"येतंय," मी म्हटलं.

"थांब, अजून पुढे जाते," आई म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत चालायला लागली.