यंत्राच्या कपाळावरचं कुंकू

सूतगिरणीतल्या त्या जुन्या यंत्रावर कुंकवाच्या बोटाचा वाळलेला ठसा होता. तिकडे बघत मी जरा वेळ उभाच राहिलो.

निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एका संगणकात आणून जुळवणं, हे माझं पोटापाण्याचं काम. माझं महिन्याचं काम एआयनं सकाळी चहा निवायच्या आत उरकलं होतं. आता आपली गरज काय, म्हणत मी चहा तसाच ठेवून ते तपासायला बसलो. फक्त या यंत्राचे एका दिवसाचे आकडे सापडेनात, तर ते त्यानं अंदाजानं भरून टाकलेले. म्हणून मी विचारायला इथवर चालत आलो.

यंत्र चालवणाऱ्या सावंतमावशी म्हणाल्या, “अहो साहेब, खंडेनवमी होती! त्या दिवशी त्याची पूजा करायची, की त्याला राबवायचं?”

परत येऊन मी एआयनं अंदाजानं भरलेले आकडे पुसले आणि तो दिवस रिकामा ठेवला. मग टेबलावरचा राहिलेला चहा प्यालो. गारढोण झाला होता, पण गोड लागला.