बापाने दिलेलं काम

तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उंचीने बेताचा होता, म्हणून मित्र त्याला तळमजला म्हणत. हे नाव मास्तरने ठेवलं. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, एकदा बोलायला लागला की समोरच्याला घड्याळाकडे बघायला लावणारा माणूस. तिसरा कंपाउंडर. दवाखान्यातल्या चिठ्ठ्या वाचण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती आणि आता त्याचं स्वतःचं अक्षरही कुणाला लागत नसे. तिघे शाळेत एका बाकावर बसलेले. साठी जवळ आली तरी रविवारी सकाळी भेटल्याशिवाय आणि एकमेकांची उणीदुणी काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

कुठे लिफ्ट अडकली की कंपनी तळमजल्यालाच पाठवी. यंत्र दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण आतल्या माणसाला सांभाळणारा हा एकच. दाराच्या फटीला तोंड लावून तो आधी नाव विचारी आणि लगेच काम सांगी. "वर दिवे किती आहेत, मोजा बरं." "पिशवीत काय काय आहे, एकेक बाहेर काढून सांगा." एका जाडजूड वकिलाला त्याने पाढे म्हणायला लावले होते. वकीलसाहेब सतराच्या पाढ्यात अडकले आणि तेवढ्यात दार उघडलं. नव्या कारागिरांना तो सांगे, "गुदमरलेल्या माणसाला नुसता धीर देत बसू नका, काम द्या. डोकं कामाला लागलं की भीतीला जागा उरत नाही." सव्वीस वर्षांत हा उपाय एकदाही फसला नव्हता.

तो फसला घरात. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. एका रविवारी दुपारी तळमजला बाल्कनीत हत्यारांना तेलपाणी करत बसला होता. मुलगा शेजारी येऊन बसला, जरा वेळ पकडी-पाने सरळ रांगेत लावत राहिला आणि मग म्हणाला, "बाबा, मला गुदमरल्यासारखं होतं. रोज. मला हे सगळं नकोसं झालंय." शब्द हेच. यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही, कारण नंतर बापाने ते हजार वेळा ऐकले. त्या दिवशी मात्र त्याने हातातलं फडकंही खाली ठेवलं नाही. म्हणाला, "बसून बसून होतं तसं. तुला सायकल घेऊन देतो. सकाळी उठायचं आणि दहा किलोमीटर मारायचे. थकलास की डोकं आपोआप ताळ्यावर येईल."

आणि त्याच आठवड्यात त्याने हौसेने चांगली गिअरची सायकल आणली. मुलाने ती चालवली. बापाने दिलेलं काम त्याने अकरा आठवडे इमानाने केलं आणि मग एका मंगळवारी तो गेला. आपल्या हाताने गेला. कसा, ते सांगून कुणाचं भलं होणार नाही.

माणसं भेटायला आली. अशा वेळी माणसं काय विचारतात ते ठरलेलं असतं. "काहीच बोलला नाही का हो?" बायको म्हणाली, "एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर आम्ही जिवाचं रान केलं असतं." आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. तळमजल्याने मान डोलावली. बस्स, तेव्हापासून घर त्या एका वाक्यावर उभं होतं. तो बोललाच नाही, मग आपण तरी काय करणार? हे वाक्य म्हणून ती चार घास खात होती, कामावर जात होती. ते तिच्याकडून काढून घ्यायची छाती त्याला होत नव्हती. शिवाय खरं सांगितलं तर ती आपल्या तोंडाकडे पुन्हा बघेल की नाही, हीही भीती होतीच. भित्रा माणूस दुसऱ्याच्या दुःखाआड फार छान लपतो.

वर्षभराने मास्तरला बेत सुचला. तिघांनी सायकलवर निघायचं, सात दिवसांत सातशे किलोमीटर. वाटेत शाळा-कॉलेजांत थांबायचं, बोलायचं, लोकांकडून पैसे जमवायचे. त्या पैशांतून एक केंद्र चालवायचं, जिथे तरुण मुलं नाव-गाव न सांगता येतील आणि ऐकून घ्यायला शिकलेली माणसं समोर असतील. बेत चांगलाच होता. नावं ठेवायला जागा नव्हती, हीच तर तळमजल्याची पंचाईत.

"तू नुसता चल," मास्तर म्हणाला. "बोलायचं माझ्याकडे लागलं."

"आणि सायकल पोराचीच घे," कंपाउंडर म्हणाला. "अरे, सायकलीने मन हलकं होतं. दवाखान्यातला माणूस सांगतोय तुला."

तळमजल्याला वाटलं, याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. पण दोघं वर्षभर त्याच्यासाठी धडपडत होते आणि त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो हो म्हणाला.

निघायच्या दिवशी मास्तरने तिघांना पिवळे शर्ट दिले. पाठीवर मुलाचा फोटो छापला होता, चांगला वीतभर, हसरा. लांब पल्ल्याला सायकली एकामागे एक चालवतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना तेवढं सोपं जातं, आणि दर दोन-तीन किलोमीटरला पुढचा माणूस बदलतो. पहिल्या दिवशी पाळीप्रमाणे तळमजला मागे गेला आणि त्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, मुलगा आला. मास्तर पायडल मारी तसा तो चेहरा डावी-उजवीकडे डुलत होता. तीन किलोमीटर त्याने कसेबसे काढले. मग तो जो पुढे गेला तो पुढेच राहिला.

"अरे, मागे ये की आता," कंपाउंडर ओरडे. "पडलास तर मलम माझ्याच खिशातून जाणार."

"राहू दे," तळमजला म्हणे आणि पायडल मारत राही.

मित्रांना वाटलं, बापाच्या अंगात बळ संचारलं. मास्तरने तर ते भाषणातच घातलं. "हा माणूस पहिल्या दिवसापासून वाऱ्याला छाती देऊन पुढे राहिलाय, मुलांनो!" टाळ्या कडाडत. मग मास्तर आवाज खाली आणी. "याचा मुलगा बोलला नाही. एकदा, फक्त एकदा जरी बोलला असता, तर आज तो आपल्यात असता. म्हणून सांगतो, बोला!" पुन्हा टाळ्या. मुलं वह्या पुढे करत, शिक्षक हात हातात घेत, कुणीतरी फोटो काढायला त्याला मध्ये उभं करी. तळमजला हात जोडून उभा राही. आपण त्याचं ऐकून घेतलं नाही ते नाहीच, वर आता तो बोललाच नव्हता असं गावोगाव सांगत फिरतोय, मेल्यावरही त्याला खोटा पाडतोय, असं वाटून त्याला तोंडात घास घ्यायची शिसारी येई.

आणखी एक गोष्ट होती, ती तर त्याने कुणाला सांगितलीच नाही. थकलास की डोकं ताळ्यावर येईल, असं त्याने पोराला सांगितलं होतं. आता तो स्वतः रोज शंभर किलोमीटर थकत होता. पाय लाकडासारखे होत, तळहातांना फोड आले, पाठ बोलायला लागली. पण डोकं होतं तिथेच होतं, तसूभर हललं नव्हतं. चौथ्या दिवशी एका चढावर त्याला हे पुरतं कळलं. पोराने अकरा आठवडे रोज सकाळी हेच सोसलं असणार, आणि परत येऊन आपण "बरं वाटतंय ना?" म्हटल्यावर "हो" म्हटलं असणार. तो रस्त्याच्या कडेला उतरला आणि ओकला. कंपाउंडरने मीठ-साखरेचं पाणी दिलं, ऊन लागलं म्हणाला.

सातव्या दिवशी शेवटचा मुक्काम एका मोठ्या कॉलेजात होता. केंद्राचं काम बघणाऱ्या समुपदेशक बाईही तिथे आल्या होत्या. बायको बसने आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. तिने त्याच्या फोडांकडे पाहिलं. मास्तरचं भाषण झालं. टाळ्या ओसरल्या आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. दप्तर तिने पाठीवरून काढलंच नव्हतं.

"काका, तुमचा मुलगा बोलला नाही," ती म्हणाली. "मी बोलले. घरी सांगितलं सगळं. ते म्हणाले, व्यायाम करत जा. आता कुणाला सांगू?"

मागे दोघं-तिघं फिसकन हसले. मास्तर सरसावला. "बाळ, धीर सोडायचा नाही. आई-वडील आपल्या भल्याचंच..."

"मास्तर, थांब," तळमजला म्हणाला.

त्याने माइक हातात घेतला. समोर बायको होती, तिच्यामागे एक रांग सोडून ती मुलगी. एकीला खरं सांगायचं तर दुसरीच्या पायाखालची जमीन काढायची होती. त्याने बायकोकडे पाहायचं टाळलं.

"तो बोलला होता," तो म्हणाला. "मास्तरला ठाऊक नाही. मी लपवलं. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि गुदमरतंय म्हणाला. मी त्याला सायकल घेऊन दिली. अडकलेल्या माणसाला काम द्यायचं, एवढंच मला येतं. पण कामावर मी काम देतो आणि दार उघडेपर्यंत तिथून हलत नाही. पोराला काम दिलं आणि मी उठून गेलो." तो त्या मुलीकडे वळला. मग तो म्हणाला, "पोरी, तुझं काही चुकलेलं नाही. ऐकणाऱ्यांचं चुकलंय. तू पुन्हा सांग. आत्ता, इथे सांग. तुझं होईपर्यंत मी उठणार नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. केंद्राच्या बाई उठल्या आणि मुलीशेजारी जाऊन बसल्या. तळमजलाही खाली उतरून दोघींजवळ बसला. तास-दीड तास ती बोलली. तोवर सभागृह रिकामं झालं. मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच एक शब्द न बोलता बाहेर जाऊन उभा राहिला होता. शेवटी बाई मुलीला घेऊन तिच्या घरच्यांना भेटायला निघाल्या.

बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. तो जाऊन शेजारी बसला. ती ओरडेल, उठून जाईल, काय वाटेल ते करेल, त्याची सगळ्याला तयारी होती.

"कधी आला होता तो तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"सायकल घेतली त्याच्या आधीच्या रविवारी."

"दुपारी?"

"हो. तुला कसं कळलं?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सकाळी तो माझ्याकडे आला होता," ती म्हणाली. "मी कपडे वाळत घालत होते. सगळं बोलला. मी घाबरले हो. मला काही सुचेना. म्हटलं, बाबांना सांग, ते रोज माणसं सांभाळतात, त्यांना कळेल काय करायचं ते. मग सायकल आली. मला वाटलं, झालं, यांनी हातात घेतलं. मी पुन्हा विचारलं नाही."

"मग लोकांना तू..."

"तुम्ही काय म्हणता ते बघत होते मी. तुम्ही मान डोलावलीत. म्हटलं, म्हणजे तो यांच्याकडे गेलाच नाही, सायकल यांनी आपली हौसेने आणली. मला एकटीलाच ठाऊक आहे."

"आला होता म्हणजे," ती म्हणाली. "मी सांगितलं आणि तो लगेच आला तुमच्याकडे."

"आला होता."

"माझं ऐकलं त्याने."

"दोघांचं ऐकलं," तो म्हणाला.

मग ती रडायला लागली. त्याने तिला कुठलं काम सांगितलं नाही आणि तो तिथून हललाही नाही.