ताडपत्रीचा वॉटर पार्क

"उतर ना!" कदमसाहेब खालून ओरडले.

"उतरतोय, साहेब."

"कधी?"

मी घसरगुंडीच्या मधोमध बसलो होतो. वरून पंपाचं पाणी धो धो माझ्या पाठीवर पडत होतं आणि दोन्ही बाजूंनी खाली टाकीत जात होतं. पाणी झकास घसरत होतं. मी घसरत नव्हतो. होडी वल्हवल्यासारखे दोन्ही हात मारून पाहिले. मी वीतभर पुढं सरकलो, चड्डी होती तिथंच राहिली.

घसरगुंडी मीच बांधलेली. म्हणून पहिला मान माझा.

माझा धंदा मंडप डेकोरेटरचा. जूचंद्रला गोडाऊन आहे. गोडाऊन म्हणजे पत्र्याची शेड, आत बांबू, फळ्या, गाद्या, ताडपत्र्या आणि उंदीर. शाळा मी चौथीत सोडली. म्हणजे मी सोडली असं मी सांगतो, मास्तर वेगळं सांगायचे. लग्न असो, बारसं असो, पूजा असो, चार बांबू उभे करून वर कापड ताणलं की आमचं काम झालं. त्यात वॉटर पार्क कुठून आला, ते सांगतो.

विरारला मनवेलपाड्यात एक चार माळ्यांची बिल्डिंग आहे. कदमसाहेब तिचे सेक्रेटरी. मूळचे चिपळूणकडचे, बँकेत नोकरी. दर मे महिन्यात अख्खी बिल्डिंग बस करून एका मोठ्या वॉटर पार्कला जायची. पोरं वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायची. सुरुवातीला परवडायचं. मग दर वर्षी काहीतरी वाढायला लागलं. आधी तिकीट वाढलं. मग कपडे ठेवायच्या लॉकरचे पैसे वेगळे झाले. मग पाण्यात उतरायला तिथलाच ड्रेस पाहिजे, तोही भाड्यानं. ट्यूबवर बसायचं असेल तर ट्यूबचे वेगळे. शेवटी बाहेरचं खाणं बंद झालं. गेटवर बॅगा तपासायला लागले. एका काकूंनी सगळ्यांसाठी पुरीभाजी केली होती, ती गेटवरच उभं राहून संपवावी लागली. अख्खी बिल्डिंग सकाळी नऊ वाजता तट्ट पोटानं पाण्यात उतरली. दुपारपर्यंत कोणी तरंगलं नाही म्हणतात.

तर त्या वर्षी नवीन रेट आला आणि गच्चीवर मीटिंग बसली. मीही गच्चीवरच होतो. आदल्या दिवशीच्या पूजेचा मंडप सोडत बांबूवर चढलो होतो. खाली अर्धी घरं म्हणत होती, तुम्ही जाऊन या, आमचं यंदा जमत नाही.

कदमसाहेब उठले. "असं नाही चालायचं. जायचं तर सगळ्यांनी. अर्धी पोरं भिजून येणार आणि अर्धी गॅलरीतून बघणार, हे माझ्याच्यानं बघवणार नाही. मग ट्रिप कॅन्सल."

एक बारकी पोरगी मुसमुसायला लागली. आणि माझं तोंड सुटलं. माझं तोंड माझ्या डोक्याला कधीच विचारत नाही.

"साहेब, पानीच पायजे ना? मी बांधून देतो."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"काय बांधून देतोस?"

"वॉटर पार्क."

"तू?"

"मंडपच की तो, साहेब. फक्त भिजायचा."

लोक हसले. कदमसाहेब नाही हसले. म्हणाले, "बाळू, बांध. एका तिकिटाच्या पैशात एक अख्खं घर बसलं पाहिजे, जेवणासकट. पण पोरांचा विरस झाला ना, तर यंदा गणपतीला मी दुसरा मंडपवाला बघणार."

त्या बिल्डिंगचा गणपतीचा मंडप म्हणजे माझी जाहिरात होती. तो बघूनच आजूबाजूच्या बिल्डिंगा मला बोलवायच्या. तो गेला असता तर मनवेलपाडाच गेला असता. पण आता चार लोकांत बोलून बसलो होतो. बांबूवरून खाली येता येतं, बोलण्यावरून खाली यायला शिडी नसते.

घरी बायको म्हणाली, "तुमाला पोहायला येतं का?"

"नाय."

"मंग?"

"बांधायला पोहायला कशाला यायला पायजे?"

"बांधणारच आदी पडतो," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

जागा मला माहीत होती. भुईगावला पास्कूमामाची वाडी. नारळ, केळी, मोठी विहीर, तिच्यावर पंप आणि पंपाजवळ छातीएवढ्या पाण्याची सिमेंटची टाकी. पास्कूमामाच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा मंडप मीच बांधला होता, त्यामुळे ओळख होती. मामाची अट साधी होती.

"टाकीतलं पानी सरळ माझ्या केळींना गेलं पायजे. आनि साबनबिबन लावायचा नाय. केळींना आंगोळ घालायची नाय मला."

मी कामाला लागलो. बांबूंची परांची बांधली, म्हणजे इमारतीला रंग देताना बांधतात तसला सांगाडा. त्यावर स्टेजच्या फळ्या उतरत्या ठोकल्या. कुणाला लागू नये म्हणून फळ्यांवर लग्नातल्या गाद्या टाकल्या आणि त्यावरून ताडपत्री ताणली. दोन्ही कडांना गाद्यांचे लोड बांधले. वरून पंपाचा पाइप सोडला. लांबून बघितलं तर मलाच माझा अभिमान वाटला. कदमसाहेबांना टेस्टिंगला बोलावलं. पुढचं तुम्ही वर वाचलंच.

चूक काय झाली ती ऐका. मंडपाच्या छताला आम्ही थोडा उतार देतो. पाऊस पडला तर पाणी साचू नये, एवढाच. आयुष्यभर हात त्याच उताराला बसलेला. मी घसरगुंडीलाही तोच दिला. त्यात खाली गाद्या. मी बसलो तसा गादीत खड्डा पडला आणि मी त्या खड्ड्यात अंड्यासारखा बसून राहिलो. शेवटी दोन गड्यांनी मला पाय धरून खाली ओढला.

कदमसाहेब म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना दुपारी पडायला चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी गाद्या काढल्या आणि उतार वाढवला. आदल्या दिवसाचा राग होता, त्यामुळे जरा जास्तच वाढवला. पुन्हा मीच वर. या वेळी बसलो हे कळायच्या आत निघालो. ताडपत्री संपली, टाकी आली, टाकी गेली, आणि मी पलीकडे केळीत जाऊन पडलो.

पास्कूमामा धावत आले. "लागलं काय?"

"नाय, मामा."

"तुला नाय रे. केळीला."

तिसऱ्यांदा उतार मधोमध आणला. मग बरोबर टाकीत पडायला लागलो. फक्त दोरीच्या गाठींना अडकून चड्ड्या फाटत होत्या. माझ्या दोन गेल्या. त्यावर पास्कूमामांनीच उपाय काढला. घड उतरवलेली केळ तोडतातच. तिच्या खोडाचं सोपट, म्हणजे जाड ओली साल, त्यांनी मला दिलं. त्याच्यावर बसलं की माणूस लोण्यासारखा जातो. लहान पोरांसाठी केळीतल्या पाटात पाणी सोडलं. पाइपला भोकं पाडून बांबूवर बांधला, झाला रेन डान्स.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, वॉटर पार्क म्हटलं की गेट पाहिजे. गोडाऊनमध्ये गेट एकच होतं. सोनेरी खांब, दोन बाजूंना थर्माकोलचे हत्ती, वर झेंडूच्या माळा. लग्नाचं. ते वाडीच्या तोंडाशी उभं केलं. रविवारी सकाळी स्पीकर लावला, बस आली, पोरं हत्तींच्या मधून आरडाओरडा करत आत पळाली. बायकांनी आंब्याच्या सावलीत मसालेभाताचं पातेलं चढवलं. कदमसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटात उभे राहिले. पास्कूमामाचा मुलगा नेल्सन घसरगुंडीच्या टोकाला उभा राहून एकेकाला सोडत होता. सगळं इतकं छान चाललं होतं की मला भीती वाटायला लागली.

आणि गेटमधून रोझीबाय आल्या. पास्कूमामांची मोठी बहीण. सरळ मिस्साहून, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेहून आलेल्या, अंगावर चांगली साडी, हातात छत्री. त्यांच्या मागं चर्चमधून बाहेर पडलेलं निम्मं गाव.

"पास्कू!"

मामा पंपाजवळून ओल्या लुंगीत पुढं आले.

"नेल्सनचं लगीन, आनि सख्ख्या बहिणीला आवतन नाय?"

"कोनाचं लगीन?"

"आता मला विचार कोनाचं! दारात हत्ती उभे केले, स्पीकर लावला, ह्या बाळूचा टेम्पो चार दिस आत-बाहेर करतोय. चर्चमध्ये फादरांनी नावं पुकारली नाय, पोरगी कुठली ते कोनाला ठाव नाय. एवढी कसली घाई झाली रे?"

लग्नाआधी त्यांच्याकडं फादर चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं सगळ्यांसमोर वाचतात. ती न वाचता मांडव पडला म्हणजे काहीतरी भानगड. मागच्या बायका दोन पावलं पुढं सरकल्या. एक शब्द चुकायला नको म्हणून.

रोझीबायनी छत्री वर केली. "नेल्सन! नवरी कुठाय?"

नेल्सन वरून म्हणाला, "कुठली नवरी?"

"ह्यातली कुठली?" त्यांनी लायनीत उभ्या असलेल्या बिल्डिंगमधल्या पोरींवर छत्री फिरवली. पोरी किंचाळत केळीत पळाल्या.

मग बहीण-भाऊ त्यांच्या घरच्या बोलीत सुरू झाले. मला अर्धंच समजलं, पण रोझीबायच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसत होतं. मामांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडं वळले.

"बाळू, सोड सगळं. आत्ताच्या आत्ता. बहिनीला रडवून मला वाडीत मजा नाय करायची."

निम्म्या पोरांचा नंबर अजून लागला नव्हता. ती सोपटं छातीशी धरून माझ्याकडं बघत होती. कदमसाहेब पाटातून चालत आले. काय झालं विचारलंही नाही. फक्त म्हणाले, "गणपती."

मी पळत शिडीवर चढलो. वरून ओरडलो, "ओ रोझीबाय! हिकडं बघा! लग्नाचं स्टेज आसं आसतं का?"

सोपट ठेवलं आणि बसलो. निदान बसलो असं मला वाटलं. गडबडीत सोपट एकटंच पुढं गेलं. ते धरायला मी वाकलो आणि पोटावर, डोकं खाली, तोंड उघडं, असा सुटलो. धंद्यात इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी एकदम माझं काम पाहिलं नव्हतं. टाकीत गेलो, दोन घोट प्यालो आणि उभा राहिलो तर सोपट डोक्यावर टोपीसारखं बसलेलं.

रोझीबायनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा नवरा आसंल," त्या म्हणाल्या, "तर नवरी पळून गेली ते बरं झालं."

निम्मं गाव आणि अख्खी बिल्डिंग एकदम हसली. मामा हसत हसत पंपाला टेकले. रोझीबायनी डोळे पुसले आणि छत्री माझ्या हातात दिली.

"साडी भिजंल काय?"

"भिजंल."

"भिजू दे. नेल्सन, मला धर. आनि ह्या बाळूला लांब उभा करा."

त्या सोपटावर बसून अशा आल्या की टाकीतलं पाणी कदमसाहेबांच्या चष्म्यापर्यंत उडालं. पुन्हा वर गेल्या. तिसऱ्या वेळेला त्यांनी लायनीतल्या पोरांना बाजूला केलं. मग गावातल्या बायका, मग पुरुष. बिल्डिंगमधली पोरं त्यांना सोपट कसं धरायचं ते शिकवत होती.

कदमसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळू, भात बिल्डिंगपुरता आहे. हे सगळे जेवायला बसले तर?"

ते रोझीबायनी ऐकलं. "मांडव पडला म्हंजे जेवन होनारच," त्या म्हणाल्या, आणि ओल्या साडीनिशी दोन बायकांना घरी पिटाळलं. तासाभरात तांदळाच्या भाकऱ्या आल्या, बोंबलाचं कालवण आलं, केळीचा एक घड आला. मसालेभात गावानं खाल्ला, बोंबील बिल्डिंगनं. कोकणातली माणसं ती, दोन भाकऱ्यांवर कोणीच थांबेना. ज्यांनी ट्रिपला येत नाही म्हणून आधी मान हलवली होती, तीच घरं शेवटपर्यंत पंगतीत होती.

संध्याकाळी बस भरली. पोरं दमून एकमेकांच्या अंगावर झोपलेली. कदमसाहेब शेवटी चढले. मी दारात उभा होतो.

"साहेब, गनपतीचं काय?"

त्यांनी चष्मा पुसला. "भर पावसात येतात यंदा. ताडपत्री जाड टाक," म्हणाले, आणि कंडक्टरसारखी बसवर थाप मारली.

त्यानंतर किती तरी वर्षं मे महिन्यात बिल्डिंग भुईगावलाच गेली. मोठ्या वॉटर पार्कचं तिकीट वाढलं की कदमसाहेब मला फोन करून सांगायचे, एवढ्या आनंदानं की जसा काही त्यांनाच बोनस मिळाला. मी या सगळ्यातून एक धडा घेतला. आता कुठंही वॉटर पार्कचं गेट उभं करायच्या आधी मी गावात घरोघरी सांगून येतो, की इथं लग्न नाही.

तरी लोक येतात. फक्त आता टॉवेल घेऊन येतात.