आमच्या साडूंचा म्हातारा

जगात देव किती आहेत यावर माणसं वाद घालतील, पण त्यांच्यात चौथा कोण हे छातीठोकपणे सांगू शकेल असा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते मिशिगनमध्ये नोव्हायला राहतात, मी तिथून अर्ध्या तासावर ट्रॉयला. क्रम लावल्याशिवाय या माणसाला कुठलीही गोष्ट दिसतच नाही. गणपतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, ताट वाढून घेतलं की पहिला घास घेण्याआधी ते मान वाकडी करून ताटाकडे बघतात आणि पुटपुटतात, "मसालेभात दुसरा. छोले सहावे." छोले ज्यांनी केलेले असतात त्या काकू हटकून शेजारीच उभ्या असतात. लग्न होऊन मी नवानवा अमेरिकेत आलो तेव्हा लाडात येऊन एकदा विचारलं होतं, की सासरच्या जावयांत माझा नंबर कितवा. सासरी जावई दोनच, ते आणि मी. "तिसरा," म्हणाले. "दुसरी जागा रिकामी ठेवली आहे." तेव्हापासून मला ते 'धाकटे जावई' म्हणतात, आणि दुसऱ्या जागेवर अजून कोणाची नेमणूक झालेली नाही.

पण मसालेभात आणि जावई ही सगळी किरकोळ कामं. त्यांचं खरं काम म्हणजे एका म्हाताऱ्या रॉक गायकाच्या गाण्यांची क्रमवारी. त्या गायकाचं नाव मी इथे घेत नाही, कारण साडूंनीही ते कधी घेतलं नाही. ते त्याला 'म्हातारा' म्हणतात. नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये कोणीतरी विसरून गेलेल्या कॅसेटवर तो त्यांना पहिल्यांदा भेटला, तेव्हा तो पस्तिशीचासुद्धा नसेल, पण आवाज असा की रोज रात्री खिळे चघळून झोपत असावा. शब्द एक कळत नव्हता. साडूंनी आपल्या मनाने ठरवून टाकलं की ही प्रेमगीतं आहेत, आणि त्या भरवशावर ताईला, म्हणजे माझ्या मेहुणीला, लग्नाआधी त्यातली दोन म्हणूनही दाखवली. पुढे नोकरीसाठी नोव्हायला आले, आजूबाजूची ओस पडलेली गावं पाहिली, आणि मग कळलं की एक गाणं कारखाना बंद पडल्याचं आहे आणि दुसऱ्यात भावाचं प्रेत तळ्यातून काढतात. ताई म्हणते, "मला तेव्हाच शंका आली होती. पण स्थळ चांगलं होतं."

गाण्यांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. बर्फाचं, भावाचं, बापाच्या गाडीचं, पुलाचं. क्रमवारी दर गुढीपाडव्याला जाहीर व्हायची. आमच्याकडे पाडव्यालाही बर्फ असतं, त्यामुळे घरामागच्या लाकडी डेकवरची गुढी टोपी घातल्यासारखी दिसायची, आणि आत वीसेक माणसं श्रीखंडाच्या वाट्या धरून उभी असायची. पहिली पाच गाणी जाहीर होईपर्यंत श्रीखंड दुसऱ्यांदा मिळत नसे. नियम कडक. गाणं वर्षात एकाच पायरीने चढणार किंवा उतरणार. चर्चा नाही. जाहीर करताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की नवख्या पाहुण्याला वाटावं घरात काहीतरी वाईट झालंय. "भावाचं घसरलं," म्हणाले की दोन मिनिटं शांतता. एकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला, आवाज इतका पडलेला की मी मीटिंग सोडून बाहेर धावलो. "धाकटे जावई, पाडव्यापर्यंत थांबवत नाही म्हणून सांगतो. बर्फाचं आता सातव्यावर राहत नाही जी." मी काहीतरी दुःखाचं बोललो. खरं सांगायचं तर मला त्यातली दोन गाणी एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नव्हती. सगळ्यांत एक माणूस खोकतो आणि गिटार वाजते, एवढंच माझं ज्ञान. पण इतकी वर्षं मी मान डोलवत आलो होतो, आणि डोलवायला लागलेली मान मध्येच थांबवता येत नाही.

क्रमवारी कितीही हलली तरी पहिला नंबर हलला नाही. तो पुलाचा.

आता यातली खरी गंमत अशी की हा माणूस एकाच कानाने ऐकायचा. लहानपणी गालगुंड झालं त्यात उजवा कान गेला. त्यावर ताईचा एक ठरलेला विनोद होता. भारतात ड्रायव्हरची बायको त्याच्या डावीकडे बसते, अमेरिकेत उजवीकडे, म्हणून हे अमेरिकेत आले. गाडी चालवताना शेजारी बसून कोणी काहीही बोललं तरी ते साडूंना पोचत नसे. डावा कान खिडकीकडे, खुशाल. त्यात नोकरी अशी की नव्या मोटारींमधला खडखडाट शोधून काढायचा. डॅशबोर्ड किरकिरतो, सीटचा स्क्रू कुरकुरतो, ते दुरुस्त झाल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही. दोन कानांच्या माणसाला आवाज कुठून आला ते बसल्या जागी कळतं. यांना घुबडासारखी मान फिरवत सगळी गाडी धुंडाळावी लागे, आणि म्हणून दोन कानांच्या माणसांना न सापडलेलं यांना सापडे. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं कौतुक करतील. मैलभर गप्प बसले आणि म्हणाले, "विकून टाका."

मागच्या हिवाळ्यात त्यांना चक्कर यायला लागली आणि डावा कान वाजायला लागला. आधी त्यांनी तो आवाज डिशवॉशरमध्ये शोधला, मग तळघरातल्या घर तापवायच्या फर्नेसमध्ये. फर्नेसवाल्याला दोनदा बोलावलं. शेवटी डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला: कानाच्या नसेवर गाठ. गाठ साधी, पण जागा वाईट. ठेवली तर वाढून मेंदूवर दाबणार, काढली तर कान जाणार. उजव्या कानात यंत्र बसवून पाहू, पण इतक्या वर्षांच्या निजलेल्या कानाचा भरवसा देता येत नाही, असं डॉक्टर स्वच्छ बोलले. साडूंनी एवढंच विचारलं, "पाडव्यानंतर करता येईल का?" डॉक्टरांना पाडवा म्हणजे काय हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते इतकं छान केलं की त्यांनी पाडव्याच्या आधीची तारीख दिली.

मग हा माणूस सोफ्यावर डावा कान स्पीकरला लावून बसायला लागला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, मी उगाच मदत करतोय असं दाखवत होतो. ती वर न बघता म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचा आवाज साठवतायत." मी म्हटलं, "साठवू दे की ताई." "साठवू दे. माझं काही म्हणणं नाही. तीस वर्षं मी ओरडतेय जेवायला या, तो आवाज कितव्या नंबरवर आहे एवढं विचार त्यांना कधीतरी." मी विचारलं नाही. तसले प्रश्न विचारायला दुसऱ्या नंबरचा जावई लागतो.

त्याऐवजी मी तिकिटं काढली. साडूंनी म्हाताऱ्याला प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "प्रत्यक्ष ऐकलं आणि नंबर हलले तर?" आता मात्र वेळ आली होती, आणि डेट्रॉइटच्या एका कसिनोच्या हॉलमध्ये म्हाताऱ्याचा कार्यक्रम असल्याचं मला नेटवर दिसलं. मोठ्या अक्षरांत त्याचं नाव, मागे त्याचा फोटो, आणि तिकीट इतकं स्वस्त की मला स्वतःच्या चतुराईचं कौतुक वाटलं. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. बारीक अक्षरं वकिलांसाठी असतात, आपण वाचायची नसतात, हे माझं आयुष्यभराचं धोरण. साडूंना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

हॉलमध्ये मी त्यांचा डावा कान स्टेजकडे येईल अशा खुर्च्या पकडल्या. दिवे गेले, गिटार वाजली, आणि म्हातारा आला. मी साडूंच्या गुडघ्यावर थाप मारून ओरडलो, "काय टिकलाय हो." टिकला होताच. पोटाने सुटलेला, पण फार तर पंचेचाळीसचा. केस मात्र भरघोस, आणि दुसऱ्या गाण्यात ते थोडे सरकले. तरी मी शिट्ट्या मारतच होतो. तिसऱ्या गाण्यानंतर तो घाम पुसत म्हणाला, की उद्या सकाळी त्याला स्कूलबस चालवायची आहे, म्हणून कार्यक्रम वेळेवर संपेल. लोक हसले. मी एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि मग वाजवायच्या थांबवल्या.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "हा तो नाही."

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही तिकीट सांगितलं तेव्हाच. म्हाताऱ्याने दौरे कधीचेच बंद केले. गुडघे गेले त्याचे."

"मग आलात कशाला? सांगायचं ना राव."

"तुम्ही काढलं होतं ना तिकीट." मग मान स्टेजकडे वळवून, "बसा. हा वाईट नाही. म्हाताऱ्याच्या नकलांत तिसरा."

पुलाचं गाणं त्या बसवाल्याने शेवटी म्हटलं. साडू डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते, गाडीतला खडखडाट शोधताना करतात तशी. मी पॉपकॉर्न खात होतो. गाणं ऐकायला हवं होतं हे मला फार नंतर समजलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे मी त्यांच्याकडे पोचलो. रस्ताभर पुरतील अशी गाणी फोनवर लावून तयार ठेवली होती, शेवटी पुलाचं. साडू बाहेर आले, त्यांनी गाडीची किल्ली ताईच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. मी मागे. मी फोन पुढे केला तर त्यांनी हाताने बाजूला सारला. आता त्यांचा डावा कान ताईकडे होता. ताईने गाडी रस्त्यावर घेतली. मग ती बोलायला लागली. दूध संपलंय. शेजाऱ्याने पाइनचं झाड तोडलं ते बरं नाही केलं. मुलगी ईडन प्रेरीहून निघालीय, तिला एअरपोर्टवरून कोण आणणार. गॅरेजच्या दाराला तेल द्यायला हवं. हॉस्पिटल येईपर्यंत ती थांबली नाही. पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर ताईने विचारलं, "ऐकताय ना?" ते म्हणाले, "दाराच्या तेलाचं पुन्हा सांग."

गाठ निघाली. कानही गेला. उजव्या कानातल्या यंत्रातून म्हणे पत्र्यावर वाळू पडल्यासारखा आवाज येतो, त्यात माणूस कुठला आणि पंखा कुठला हे कळत नाही. त्यांनी ते काढून डब्यात ठेवलं. आता आम्ही फोनवर टाइप करून दाखवतो आणि ते बोलतात, जरा मोठ्याने. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात गाणी आपोआप वाजायची. मला वाटलं, हे बरं झालं. तर म्हणाले, "गाणी म्हाताऱ्याचीच आहेत, पण गातो तो तुमचा बसवाला. समोर बसून ऐकला तो तोच ना. काढायला गेलो तर निघत नाही." मी टाइप केलं, सॉरी. ते म्हणाले, "असू द्या. गरीब माणूस आहे. वेळेवर येतो."

पण हळूहळू तोही येईनासा झाला. मग शनिवारची पद्धत सुरू झाली. मी जातो, समोर बसतो, आणि साडू एकेक गाणं म्हणून दाखवतात. खालून वर, नंबराप्रमाणे. चाल बरोबर आहे की नाही हे मी सांगायचं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा कोणीतरी सांगायला हवं, आणि इतकी वर्षं मान डोलवत आलेला तज्ज्ञ त्यांच्या ओळखीत मीच. पहिल्या शनिवारी मी सगळ्याच गाण्यांना अंगठा वर केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काऊन खोटं बोलता राजा. सगळं कसं बरोबर असेल?" तेव्हापासून ऑफिसला जातायेता मी तीच गाणी ऐकतो. आता मला भावाचं आणि बर्फाचं वेगळं ओळखता येतं. बापाच्या गाडीचं दुसरं कडवं कुठे वर चढतं ते कळतं. हात वर केला की सूर चढवायचा, खाली केला की उतरवायचा, अशी आमची खूण आहे. कधी जमतं. कधी मी हात वर-खाली करत राहतो आणि ते शोधत राहतात, आणि मग चाल सापडत नाही. तेव्हा ते स्वतःच म्हणतात, "हे गेलं. पुढचं." ताई दारात उभी असते. तिला ऐकू येतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं, म्हणून ती आत जाते.

मागच्या शनिवारी थोडीच उरली होती, म्हणून आम्ही लवकर वर पोचलो. दुसऱ्या नंबरचं त्यांनी जवळजवळ नीट म्हटलं, एकाच जागी मला हात उचलावा लागला. मग मी पुलाच्या गाण्यासाठी सरसावून बसलो. त्यांनी तोंड उघडलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि मिटलं.

"ते नको," म्हणाले. "ते आहे असंच धरून चालू."

मी मान डोलवली. ताईने चहा आणला, तो आम्ही घेतला. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे दारापर्यंत येऊन माझ्या गाडीकडे बघून नाक मुरडलं. परत येताना मी पुलाचं लावलं. त्या गाण्यात एक माणूस पुलावर गाडी थांबवतो, खाली पाण्याकडे बघतो, आणि घरी परत जातो, एवढंच आहे. इतक्या वर्षांत मी हे नीट ऐकलंच नव्हतं. घर आलं, ड्राइव्हवेवर गाडी लावली, स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता, बायकोने खिडकीतून हातही केला. गाणं अजून संपलेलं नव्हतं, म्हणून मी तसाच बसून राहिलो.