काजूचा स्टे

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. शाळेत किंवा माजी सैनिकांच्या मेळाव्यात बोलायला बोलावतात, तेव्हा मी बर्फातल्या पोस्टवरचं सांगतो. त्यात मला काही लपवावं लागत नाही. परदेशातून कायमचा कोल्हापूरला परत आलो, त्याबद्दल कुणी विचारलं की मी चहा मागवतो. आज तेच लिहितो आहे. हवालदार मारुती देसाई आता नाही. त्याच्या कुत्रीबद्दल मी त्याला जे सांगितलं, ते खोटं होतं.

मारुती आजरा तालुक्यातला. डॉग हँडलर. मी नायब सुभेदार असताना तो आमच्या कंपनीला अटॅच झाला. उत्तरेतल्या एका खोऱ्यात आमची ड्यूटी रोड ओपनिंगची होती. कॉन्व्हॉय निघण्याआधी रोज सकाळी सुरुंगांसाठी रस्ता तपासायचा. पुढे मारुती आणि त्याचा लॅब्रेडोर रॉकी, मागे माझी प्लॅटून. एका सकाळी रस्त्याखालच्या मोरीजवळ रॉकी खाली बसला. म्हणजे जमिनीत काहीतरी पुरलेलं होतं. मारुतीने त्याला मागे आणलं, 'डाउन, स्टे' म्हटलं आणि जागा दाखवायला माझ्याकडे आला. त्याच वेळी वरच्या कड्यावरून फायर आला. आम्ही बांधाआड झालो. रॉकी रस्त्याच्या कडेला तसाच पडून राहिला.

"हाक मार त्याला," मी म्हणालो.

"हाकंनं उठणार न्हाय साहेब. जाऊन सोडायला लागतंय."

"जागा सोडायची नाही. ऑर्डर आहे."

मारुती गेला. कोपरांवर सरपटत गेला, रॉकीच्या मानेवर हात ठेवला, 'गो' म्हणाला आणि दोघे परत आले. संध्याकाळी मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो सावधानमध्ये उभा राहून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "त्यानं हलायचं न्हाय, आन मी आल्याबिगर ऱ्हायचं न्हाय. ट्रेनिंग म्हंजे एवढंच हाय साहेब."

त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

रिटायर झाल्यावर मी आखातात गेलो. वाळवंटातल्या एका तेलाच्या डेपोवर सिक्युरिटी सुपरवायझर. दोन-तीन वर्षांनी मारुतीही तिथेच आला, डेपोच्या कुत्र्यांवर. जनरेटर शेडच्या मागे त्याला एक पिल्लू सापडलं. भाजलेल्या काजूच्या रंगाचं, म्हणून नाव काजू. कंपनीची कुत्री वेगळी, ही त्याची. ड्यूटी संपली की तो तिला शिकवायचा. जेवणाचं ताट समोर ठेवून 'स्टे' म्हणायचा आणि अंघोळीला जायचा. परत येईपर्यंत ताटाला तोंड लागलेलं नसायचं. पाण्याला मात्र ती फार भ्यायची. टँकर गळून जमीन ओली झाली तरी लांबून वळसा घालायची. मारुती तिला चिडवायचा, "आजऱ्याच्या पावसात कसं व्हायचं गं तुझं?"

माझं काँट्रॅक्ट संपलं. मी कायमचा निघालो. मारुतीचं अजून दीड वर्ष बाकी होतं. पाळलेलं जनावर भारतात आणायचं, तर ते कायमचं परतणाऱ्या माणसाबरोबरच आणता येतं. डेपोवर मालक बदलणार, भटकी कुत्री ठेवणार नाहीत, असं कानावर आलं होतं. मारुती माझ्या खोलीवर आला.

"साहेब, काजूला घिऊन जावा. मी आलो की तुमच्याकडनं घिऊन आजऱ्याला जातो."

"ती माझं ऐकेल का?"

"ऐकायला लावतो की. हँडिंग-टेकिंग करूया रीतसर."

जाण्याआधीचा महिनाभर त्याने मला तिच्याबरोबर चालवलं. मी हुकूम द्यायचा, तो लांब उभा राहायचा. शेवटच्या दिवशी त्याने पट्टा माझ्या हातात दिला. "टेकन ओव्हर म्हणा साहेब." मी म्हणालो. तो हसला नाही. "एकच ध्यानात ठेवा. स्टे दिला की सोडवायला तुम्हीच जायचं. लांबनं सोडायचं न्हाय. एकदा जरी सोडलं, तर परत तिचा इश्वास बसणार न्हाय."

लस, मायक्रोचिप, डॉक्टरांचा दाखला, क्वारंटाइनची परवानगी, सगळं मी स्वतः तपासलं होतं. तरी मुंबईला कार्गो शेडमध्ये अडलं. अधिकाऱ्याने काजूच्या मानेवरून स्कॅनर फिरवला. नंबर दिसेना. पुन्हा फिरवला. दिसेना.

"चिप नाही हिच्यात."

"आहे साहेब. माझ्यासमोर बसवली."

"नंबर जुळला नाही तर परत पाठवावी लागेल."

पिंजऱ्यात काजू उठून उभी राहिली. मी 'डाउन' म्हटलं, ती बसली. अधिकाऱ्याने दुसरा स्कॅनर मागवला. चिप मानेवरून खांद्यावर सरकली होती, तिथे तो वाजला. मी मारुतीला फोन केला. "पोचली." तो म्हणाला, "पाणी पाजा तिला."

कोल्हापुरात आमचं घर पंचगंगेच्या अंगाला, सखल कॉलनीत. तळमजला, बाहेरून जिना, वर गच्ची. घरात मी आणि आमची सौ. समोरच्या दुमजली घरात आमचे जैन शेजारी, बाबूअण्णा. काजू आली तेव्हा त्यांनी गेटवरूनच चौकशी केली. "काय सुभेदार, फॉरेनहून सोनं आणतात, तुम्ही कुत्रं आणलासा?" पण सकाळी फिरायला निघाले की तिच्यासाठी खिशात बिस्किट असायचं. मारुती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. माझ्याशी दोन शब्द, तिच्याशी दहा मिनिटं. दिवस मोजत होता.

त्याला यायला थोडे महिने राहिले असताना पूर आला. आठवडाभर पाऊस सुरूच होता. नदीचं पाणी आमच्या गल्लीत पूर्वीही आलं होतं, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. त्या दिवशी दुपारी ते दुसऱ्या पायरीला लागलं, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. गल्लीत मोटारबोट शिरली. बोटीवर दोन तरणी पोरं होती. एकाने आमच्या सौ.ला हात देऊन बसवलं. मग मला म्हणाला, "या आजोबा. कुत्र्याला बी घ्या."

"बोटीत जागा किती आहे?"

"बसंल की मांडीवर. कितीसं वजन हाय तिचं?"

मागच्या गल्लीत एक बाळंतीण अडकली होती. मी म्हणालो, "माणसं आधी. ही दुसऱ्या फेरीला येईल."

"अवो पण ऱ्हाईल का ती?"

"ट्रेंड आहे. मी सांगितल्याशिवाय जागा सोडणार नाही."

तो हसून जोडीदाराला म्हणाला, "मिल्ट्री हाय लेका!" ते ऐकून मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं. बाळंतीण आणि तिची सासू बसल्यावरही बोटीत काजूपुरती जागा उरली होती. ते मी नंतर पाहिलं.

आमची सौ. ओरडत होती, "अहो, घ्या तिला, घ्या!" मी काजूला जिन्याच्या मधल्या टप्प्यावर नेलं. तिथे वर पत्रा होता, पाऊस लागत नव्हता. वर गच्चीला जायच्या सहा-सात पायऱ्या मोकळ्या होत्या. गच्चीवर सोडली असती तरी चाललं असतं. पण गच्चीवर पाऊस होता आणि ती पाण्याला भ्यायची, म्हणून मी तिला पत्र्याखाली ठेवलं. हाताने इशारा केला. "डाउन. स्टे." ती बसली. मी बोटीत चढलो.

दुसरी फेरी झाली नाही. गल्लीच्या तोंडाशी ओढ इतकी वाढली की बोट आत न्यायला मनाई केली. मी पूरग्रस्तांच्या कॅम्पवरच्या साहेबांना भेटलो, रँक सांगितली, आवाज चढवला. ते म्हणाले, "सुभेदारसाहेब, माणसं अडकली आहेत. कुत्र्यासाठी पोरं धोक्यात घालू का?" ते बरोबर होते. दुपारी मीच ते म्हणालो होतो.

बाबूअण्णा घर सोडून गेले नव्हते. वरच्या मजल्यावर होते. मी फोन लावला.

"अण्णा, काजू दिसतेय का?"

"दिसतीया. बसलीया तिथंच. पाणी टप्प्याला लागलंय सुभेदार."

"तिला वर हाकला."

"मघाधरनं वरडतोय! भाकरी टाकली गच्चीवर, खराटा मारला. माझ्याकडं बघतीया आन परत बोट गेली तिकडं बघतीया."

"मध्ये जाता येईल का?"

"गल्लीत पुरुषभर पाणी पळतंय. मला कशाला मारतासा?"

"फोन स्पीकरवर ठेवा. हात बाहेर काढून धरा."

मी कॅम्पच्या मैदानात, सगळ्या लोकांसमोर ओरडलो, "काजू! गो! गो! गो!"

अण्णा म्हणाले, "उठली! उठली! शेपूट हालवाय लागली." मग थांबले. "बसली परत."

मी आणखी ओरडलो. आवाज फाटला. प्रत्येक वेळी ती उठायची, कान टवकारून इकडेतिकडे शोधायची आणि बसायची. शेवटी बसता येईना, तेव्हा ती उभी राहिली. छातीपर्यंत पाणी होतं. वरच्या पायऱ्या कोरड्या होत्या. अण्णांनी तोवर मला सगळं सांगितलं, मग म्हणाले, "सुभेदार, आता मी बघत न्हाय." आणि फोन ठेवला.

पाणी ओसरल्यावर ती गेटच्या जाळीत सापडली. अण्णांनी आणि मी तिला शेजारच्या मोकळ्या प्लॉटात पुरलं.

त्याआधीच मारुतीचा फोन आला होता. टीव्हीवर पूर पाहून तो सारखा लावत होता. मी फोन घेतला. पाच शब्दांत खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मारुती, तिनं स्टे मोडला. मी बोट घेऊन येईपर्यंत पाण्यात उतरली. गेली."

"पाण्यात? काजू?"

"घाबरली असेल."

"स्टे मोडला?"

"हो."

"बरं साहेब," तो म्हणाला. "तुम्ही आन वैनी नीट हायसा न्हवं?"

काँट्रॅक्ट संपवून आला, तेव्हा तो आधी आमच्याकडे आला. हातात सामान तसंच. जिन्यासमोर उभा राहिला. बाबूअण्णाही आले होते.

"कुठं बसीवलंतं तिला?"

मी टप्पा दाखवला. तो चढला, टप्प्यावर उकिडवा बसला. वर गच्चीकडे पाहिलं, खाली गल्लीकडे पाहिलं.

"वर जागा असताना खाली पाण्यात कशी उतरंल वो ती?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. "पावणं, त्याचं असं झालं—"

"अण्णा," मी म्हणालो, "आत चला, चहा थंड होतोय."

अण्णा वळले. चहा न घेता घरी गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मारुती खाली आला. म्हणाला, "मग माझाच स्टे कच्चा ऱ्हायला साहेब. तुमचा काय दोष न्हाय."

आजऱ्याकडे त्याचं नाव होतं. गावात काजूच्या बागांना रानडुकरांचा त्रास, राखणीला कुत्री लागायची. परत आल्यावर लोक चांगली पिल्लं घेऊन त्याच्याकडे यायचे. "हवालदार, जरा शिकवा की हेला." तो पिल्लाला कुरवाळून परत द्यायचा. "मला न्हाय येत आता. दुसऱ्याकडं जावा." मला हे त्याच्या पुतण्याने सांगितलं. खरं सांगायचं ठरवून मी आजऱ्याला गेलो. एकदा नव्हे, तीनदा. तीनही वेळा जेवून परत आलो.

मग त्याचं हृदयाचं दुखणं निघालं. कोल्हापुरात ॲडमिट केलं. मी दुपारी भेटायला गेलो. त्याची बायको, सुमनवहिनी, औषधं आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

"बसा साहेब," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "कायतरी बोलायचं हाय तुमास्नी. तोंडावर दिसतंय."

"नाही रे. इकडून चाललो होतो, म्हटलं बघून जावं."

त्याने डोळे मिटले. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

गावच्या स्मशानात माजी सैनिक टोप्या घालून उभे होते. सीनियर म्हणून मला बोलायला सांगितलं. मी रॉकीची गोष्ट सांगितली. फायरमध्ये मारुती कसा सरपटत गेला, ते सांगितलं. लोक रडले. मी सॅल्यूट केला आणि बाजूला झालो.

सगळं उरकल्यावर सुमनवहिनी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "तुमचा लई इचार करायचे वो. म्हणायचे, साहेबांनी एवढं लांबनं कुत्री आणली, जीव लावला, आन माझ्या कुत्रीनं त्यांचा हुकूम मोडला. त्यांस्नी तोंड कसं दावू? एकदा माफी मागायची हाय म्हणायचे."

मी म्हणालो, "तसं काही नाही, वहिनी."

काजूने हुकूम मोडला नव्हता. मारुतीचं ट्रेनिंग कच्चं नव्हतं. मी दिलेला स्टे तिने शेवटपर्यंत पाळला, आणि मी तिला सोडवायला गेलो नाही. हे सुमनवहिनींसमोर, त्या चितेसमोर मला म्हणायचं होतं. माफी मी मागायची होती. ती मी मागितली नाही.