ठोक्यांची खोली

रामदासपेठेतल्या एका प्रसूतिगृहात पंचवीस वर्षं मी एकच खोली सांभाळते. बाईच्या पोटाला दोन पट्टे बांधायचे, मशीनवर बाळाचे ठोके ऐकायचे, बाळ हललं की बाईने हातातलं बटण दाबायचं. तेवढ्या वीस मिनिटांत माणसं काय काय बोलतात! किस्से नुसते साचत जातात. घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

काटोलकडच्या एका सासूबाईंनी सुनेच्या हातातलं बटणच काढून घेतलं. "तिले काय समजते? चार लेकरं झाली मले!" आणि दणादण बटण दाबत सुटल्या. कागदावर हालचालीच हालचाली, बाळ मात्र गाढ झोपलेलं! मी ते उठावं म्हणून पोट हलवायला गेले, तर माझ्यावरच डाफरल्या, "झोपलं हाये तर झोपू द्या ना, काहून उठवून राहिल्या?"



झोपाळू बाळासाठी आईला गोड खायला देतात. एका नवऱ्याला संत्रा बर्फी आणायला पाठवलं. टेन्शनमध्ये जिन्यातच त्याने सगळी संपवली! बाळ झोपलेलंच, बाप टक्क जागा.

मग मिहानमधल्या आयटी कंपनीतला एक इंजिनिअर. जेवणानंतर तासाभरात बाळ किती वेळा हललं, ते तक्त्यात लिहायला सांगितलं होतं. साहेबांनी लॅपटॉपवर देखणा तक्ता केला, पुढच्या आठवड्यासकट भरून! "मॅडम, ट्रेंड एकदम स्टेबल आहे." म्हटलं, "पुढच्या गुरुवारचं आजच कळतं, तर डिलिव्हरीची वेळही सांगून टाका. मला रजा टाकायचीय!"

तसाच कोरा तक्ता मी प्रतीक्षा नावाच्या एका पेशंटला दिला. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. नवरा जहाजावर, लग्न दोन्ही घरांना नामंजूर. तपासणीला एकटीच यायची. तक्ता तिने भरलाच नाही. जेवली की डाव्या कुशीवर पडून मोजायची आणि थेट मला फोन, "सिस्टर, दहा झाले जी!"

नंदनवनच्या माझ्या घरी एरवी फोन येतो तो कंपनीवाल्यांचा. आता हिचा येऊ लागला. मी लवकर जेवून फोनजवळ बसायचे. एकदा तर मुद्दाम म्हटलं, "आज लवकर झाले वं? पुन्हा मोज बरं." तेवढाच तिचा आणखी एक फोन! सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

एका रविवारी फोन आला नाही. दोन वाजले, तीन वाजले. मी केला तर उचलेना. ऑटो करून तिच्या फ्लॅटवर गेले. तिने दार उघडलं, तोंड सुकलेलं.

"किती झाले?"

"चार."

"कधीपासून कमी आहेत?"

"सकाळपासून."

"मग फोन काहून नाही केला?"

"तुम्हाले सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं ना, सिस्टर."

तिला तशीच ऑटोत बसवलं. माझ्या खोलीत आणून पट्टे मीच बांधले. ठोके सापडले, पण मध्येच मंदावत होते. डॉक्टरांनी लगेच सिझेरियनला घेतलं. फॉर्मवर सही तिची तिनेच केली.

मी घरच्या साडीतच थिएटरबाहेर बाकावर बसले. शेजारी दुसऱ्या पेशंटची आठ-दहा माणसं डबे उघडून बसली होती. बऱ्याच वेळाने माया बाहेर आली. वीस वर्षांपासूनची माझी सोबतीण, थिएटरची सिस्टर. हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, चांगली टाहो फोडत होती.

"प्रतीक्षाचे नातेवाईक कोण आहेत?"

मी उठले.

मायाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसूच आलं. "मजाक नको करू वं! नातेवाईकाले बोलाव ना, लेकरू हाती द्यायचं आहे."

मी हात पुढे करून उभी राहिले.