अख्खी भट्टी कुणालाच नाही

माझी लेक बोटांनी वाचते. तिची पुस्तकं ठिपक्यांत छापून देणारं मशीन आमच्या गावात एकच, अंधांच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. ते चालू झालं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होतो. दुपारी खाली लोक पुस्तकं ऐकायला बसतात, म्हणून ते फक्त सकाळी चालवतात. त्यातही तापलं की थांबवावं लागतं. अशा नाजूक प्रकृतीच्या मशीनवर कुणाचं काम कधी लावायचं, ते नंबरकाका ठरवतात.

काकांचं आयुष्य बेकरीच्या भट्टीसमोर गेलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा भट्टी सोडून ते इथे आले. मशीन तापलंय का, हे ते मनगट टेकवून बघतात. तळहात का नाही, असं मी एकदा विचारलं.

"तळहात कधीच भाजून निघालेत, ताई. बोटांना आता गरम-गार काही कळत नाही."

लेकीच्या परीक्षेला बराच अवकाश होता तेव्हाच मी गणिताचं पुस्तक घेऊन गेले. म्हटलं, "काका, सगळं पुस्तक एकदम छापून द्या. एकदा घरात आलं की माझा जीव भांड्यात पडेल."

"अख्खी भट्टी एकाच गिऱ्हाइकाला दिली, तर बाकीच्यांनी काय वास घेत बसायचं?"

काकांची पद्धत अशी, की प्रत्येकाच्या पुस्तकाचा एक गठ्ठा छापायचा, मग पुढच्याचा, आणि सगळ्यांचा एकेक झाला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या आधी दोघं होते. एका कंपनीत फोन जोडून देणारी टेलिफोनताई, तिची बढतीची परीक्षा. आणि एक म्हातारे मास्तर, त्यांची उशीएवढी जाड कादंबरी.

"कादंबरी थांबू शकत नाही का? तिला कुठे परीक्षा आहे?" मी हळूच म्हटलं. मास्तर मागच्याच बाकावर होते, हे मला कुठे ठाऊक!

"बाई, माझ्या वयाला प्रत्येक पुस्तक मुदतीचंच असतं," ते म्हणाले. "शेवट कळल्याशिवाय जायचं नाहीये मला."

मी ओशाळले, पण हटले नाही. "आणि मध्येच मशीन बंद पडलं तर?"

"तर सगळ्यांच्या हातात थोडं थोडं असेल. तुमच्या पद्धतीनं एकाच्या हातात सगळं, बाकीचे हात हलवत घरी."

ते बरोबर होतं. पण आईची काळजी बरोबर-चूक ऐकून थोडीच मिटते?

पहिला गठ्ठा मिळाला. लेकीनं तो संपवला आणि दुसरा आणायला माझ्याबरोबर स्वतः आली.

"काका, उत्तरं कुठायत?"

"कसली उत्तरं, मॅडम?" काका तिला मॅडमच म्हणतात.

"गणितांची. पुस्तकात ती सगळ्यात शेवटी असतात. मी इतकी गणितं सोडवली, पण बरोबर की चूक, कसं कळणार?"

काकांनी एक छापील पान उचललं आणि त्यावरून बोट फिरवलं. "मी हे शिकायला गेलो होतो. या बोटांना ठिपका लागेचना. मग आत काय आहे ते बघायचंच सोडलं. जाडी बघायची, गोळे पाडायचे आणि लावायचे." पान खाली ठेवत म्हणाले, "मूळ पुस्तक उघडून बघायला मात्र डोळे होते मला."

"म्हणजे पाव कच्चा आहे की भाजलेला, हे न बघताच विकत होतात!" लेक म्हणाली. मी तिला कोपरानं ढोसलं, पण सगळ्यात मोठ्यानं काकाच हसले. त्या दिवसापासून प्रत्येक प्रकरणामागे त्याची उत्तरं यायला लागली. आणि गठ्ठा लावण्याआधी काका ज्याला त्याला विचारायला लागले, "आधी काय लागेल?"

आणि शेवटी मला धास्ती होती तेच झालं. परीक्षेच्या आदल्या सकाळी मशीन सारखं तापून थांबायला लागलं. मास्तरांची कादंबरी संपली होती. आमचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि टेलिफोनताईचंही. तिचीही परीक्षा दुसऱ्याच दिवशी.

काकांनी मनगट टेकवलं. "दुपारपर्यंत एकच होईल. दोन्ही लावली तर दोन्ही अर्धवट."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेक शेजारी बसलेल्या टेलिफोनताईला म्हणाली, "ताई, तुमचं काय राहिलंय?"

"नव्या बोर्डावर कुठलं बटण कुठे, त्याच्या आकृत्या. त्या वाचून दाखवून नाही गं कळत, हात फिरवावा लागतो."

"मग तुमचंच लावा. माझ्यात आकृत्या नाहीत. पिशवीतून पांढरा चेंडू निघेल की काळा, असलं सगळं आहे. ते आई वाचून दाखवेल."

"मी?"

"कॉलेजात गेली होतीस ना तू? पण काका, माझी नुसती उत्तरं छापा. आईला उत्तर ठाऊक असलं की मी चुकायच्या आधीच तिचा आवाज कापायला लागतो."

टेलिफोनताई फिस्सकन हसली. माझा चेहरा कसा झाला, ते काकांनी पाहिलं असणार. ते मशीनकडे वळून म्हणाले, "पाव निघाले की उतरत्या भट्टीत आम्ही बिस्किटं लावायचो. तुमची चार पानं तशी निघतील, मॅडम."

निघाली. शेवटच्या पानावरचे ठिपके जरा फिके उठलेत, पण तिच्या बोटांना लागतात.

संध्याकाळी मी गणितं वाचायला बसले. पिशवीत इतके पांढरे, इतके काळे. तिनं मांडलं, सोडवलं आणि ते पान जवळ ओढून त्यावर बोट फिरवलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना.

"आलं का बरोबर?" मी विचारलं.

"तू पुढचं वाच," ती म्हणाली.